हुकूम कुणाच्या नावाने? कमांड लाइनवरचे एक साधन बसवताना

 शिरूरहून आलेले आणि दौंडहून आलेले, दोन्हीकडचे श्रोते आज एकत्र बसले आहेत. घरून ऐकणारेही आहेत. 

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणावर बोललो होतो. बोललेल्या वाक्यातून ऐकणाऱ्याला अर्थ कळतो तो कसा, असा तो प्रश्न होता. आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारले, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसांनी कॉम्प्युटरमधले साधन कसे बसवायचे यावर बोलण्याचे कारण काय? विचारणे रास्त आहे. कारण असे, की हे साधन वाक्यावर चालते. आपण वाक्य टाइप करायचे, यंत्राने ते पाळायचे. आणि ते पाळले जाताना आमच्या हातून एक चूक झाली. ती चूक तांत्रिक नव्हती. ती आज सांगणार आहोत, पण आधी साधनाची ओळख करून घेऊ.

साधन कशासाठी

इंटरनेट अर्काइव्ह हे नाव बऱ्याच जणांना माहीत असेल. ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेला हा सार्वजनिक संग्रह आहे. पुस्तके, ध्वनिमुद्रणे, चित्रफिती, जुनी संकेतस्थळे असे सगळे तिथे आहे. भारतात 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पात जी पुस्तके स्कॅन झाली, त्यांतली पुष्कळशी आज तिथे मिळतात. त्यात मराठी पुस्तकेही भरपूर आहेत.

एखादेच पुस्तक हवे असेल तर संकेतस्थळावर जावे, शोधावे, उतरवून घ्यावे. त्याला साधनबिधन काही लागत नाही. पण आम्ही निवृत्त मास्तर मंडळी, निम्मे शिरूरचे, निम्मे दौंडचे, आपल्या दोन तालुक्यांवरचे जे जे जुने लेखन आहे त्याची यादी करायला बसलो, तेव्हा माउसने क्लिक करून करून बोटे दुखली. शिवाय काल कुठवर आलो होतो ते आज आठवेना. अशा कामासाठी अर्काइव्हने एक कमांड लाइनचे साधन दिले आहे. त्याचे नाव 'आय-ए', दोनच अक्षरे. काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची आणि शंभर पुस्तकांची यादी घ्यायची, असा त्याचा उपयोग.

यादी करताना आपल्याकडची एक अडचण लक्षात ठेवा. १८८५ साली निघालेले पुणे जिल्ह्याचे गॅझेटिअर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला अठरावा खंड, तीन भागांत आहे. जेम्स कॅम्पबेल त्याचे संपादक. त्यात 'शिरूर' शोधाल तर सापडणार नाही. तिथे 'सिरूर' लिहिले आहे. आपली वडीलधारी माणसे तर गावाला 'घोडनदी'च म्हणतात. दौंडचे तिथे 'धोंड' झाले आहे, आणि तालुका म्हणून पाहाल तर तेव्हा हा भाग 'भीमथडी'त होता. म्हणजे एका गावासाठी तीन-तीन नावांनी शोध घ्यावा लागतो. मराठी पुस्तकांची नावे तर पुष्कळदा रोमन लिपीत, तीही कशीबशी लिहिलेली असतात. हेच काम हाताने करायचे म्हटले तर दिवस जातो. साधनाला तीन ओळी पुरतात.

बसवणे

आज्ञा सगळ्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या आहेत. इथे आम्ही त्यांचा उच्चार देत आहोत.

हे साधन पायथन नावाच्या भाषेवर चालते, म्हणून आधी पायथन हवे. विंडोजवर पायथन बसवताना पहिल्याच पडद्यावर खाली एक चौकोन असतो, 'ॲड पायथन टू पाथ' अशा अर्थाचा. त्यावर खूण करा. दहातले आठ जण ती खूण करायला विसरतात आणि मग 'अशी कुठली आज्ञा ओळखीची नाही' असे उत्तर आले की साधन बिघडले म्हणतात.

'पाथ' म्हणजे काय? तुम्ही वाड्यात उभे राहून 'गणपत' अशी हाक मारली, तर गणपतला कोणकोणत्या खोल्यांत शोधायचे याची यादी म्हणजे पाथ. गणपत घरातच आहे, पण त्याची खोली यादीत नाही. मग ओ कोण देणार?

पायथन बसले की कमांड प्रॉम्प्ट उघडून लिहायचे:

पिप इन्स्टॉल इंटरनेटअर्काइव्ह

यात 'इंटरनेट' आणि 'अर्काइव्ह' हे दोन शब्द मध्ये जागा न सोडता जोडून लिहायचे. उबंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही आज्ञा नाकारली जाते. तिथले पायथन ही यंत्रणेची स्वतःची मालमत्ता आहे, तुम्ही त्यात हात घालू नका, असा त्या नकाराचा अर्थ. तिथे जबरदस्ती करू नये. 'पिप' ऐवजी 'पिपएक्स' वापरावे, ते साधनाला स्वतंत्र खोली करून देते. मग 'पिपएक्स एन्शुअरपाथ' म्हणावे, खिडकी बंद करून पुन्हा उघडावी.

बसले की नाही ते असे बघायचे:

आय-ए --व्हर्जन

आकडा दिसला की झाले. यातल्या दोन आडव्या रेघांबद्दल एक सूचना. आज्ञा वर्डमध्ये लिहून ठेवून तिथून चिकटवू नका. वर्ड आपल्या परीने शहाणपणा करते, दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करते, सरळ अवतरणचिन्हांची वाकडी करते. आपल्या डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला तो दिसतो. नोटपॅड वापरा.

वाक्य कसे वाचायचे

आता पहिली कामाची आज्ञा:

आय-ए सर्च "टायटल:(पूना गॅझेटिअर)" --आयटमलिस्ट

मीमांसकांनी विधिवाक्याचा, म्हणजे आज्ञार्थी वाक्याचा, फार बारकाईने विचार केला आहे. 'करावे' असे ऐकले की ऐकणाऱ्याच्या मनात तीन प्रश्न उभे राहतात: काय साधायचे, कशाने साधायचे आणि कसे साधायचे. साध्य, साधन, इतिकर्तव्यता. आपल्या ओळीला हे तीन प्रश्न विचारून पाहा. कशाने? 'आय-ए'ने. काय? 'सर्च', म्हणजे अमुक नावाचा शोध. कसे? दोन रेघांनंतर जे येते ते, म्हणजे इथे फक्त ओळखनावांची यादी करून. एकदा हे लावता आले की कुठलीही नवी आज्ञा पाठ करावी लागत नाही, वाचता येते. 'आय-ए --हेल्प' म्हटले की बाकीची क्रियापदे दिसतात.

ही यादी एका फाइलीत ठेवून पुस्तके उतरवायची असतील तर 'सर्च'च्या जागी 'डाउनलोड' येते. पण थेट उतरवायला लागू नका. एकेका ओळखनावाखाली तीच पाने पाच-सहा रूपांत असतात, सगळी घेतली तर डिस्क भरेल. म्हणून 'ग्लोब' या पर्यायाने फक्त पीडीएफ मागायचे आणि शेवटी 'ड्राय-रन' जोडायचे. ड्राय-रन म्हणजे रंगीत तालीम. काय काय उतरवले जाईल ते यंत्र सांगते, प्रत्यक्षात काही उतरवत नाही. यादी पटली की ड्राय-रन काढून तीच ओळ पुन्हा द्यायची.

इथपर्यंत आपण यंत्राला आपले नावही सांगितले नाही, हे लक्षात आले का? सार्वजनिक वाचनालयात उभे राहून पुस्तक चाळायला कोणी नाव विचारत नाही, तसेच आहे. शोधणे आणि उतरवणे एवढेच काम असेल तर इथे थांबा. पुढचे करूही नका.

नावाला जोडून घेणे

संग्रहात स्वतःची भर घालायची असेल तर मात्र नाव लागते. त्याची आज्ञा:

आय-ए कॉन्फिगर

यंत्र ईमेल विचारते, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीही उमटत नाही, चांदण्यासुद्धा नाहीत. आमच्यातल्या एका सरांना कीबोर्ड बिघडला असे वाटून त्यांनी तो उलटा करून झटकला होता. काही बिघडलेले नसते. टाइप करा, एन्टर दाबा.

मग एक ओळ येते, की अमुक ठिकाणी कॉन्फिग साठवले. ती ओळ कागदावर लिहून घ्या. 'आय-ए डॉट आय-एन-आय' नावाची एक छोटी फाइल तिथे तयार झालेली असते. त्या फाइलीत तुमचा पासवर्ड नसतो. त्यात असतो किल्ल्यांचा एक जोड. इथून पुढे यंत्र तुम्हाला काही विचारणार नाही. या संगणकावर तुमच्या खात्यात बसून जो कोणी 'आय-ए' म्हणेल, तो तुम्ही आहात असेच धरले जाईल.

आपण सहीला एवढे जपतो. तलाठ्याकडच्या कागदावर सही करताना चष्मा पुसून वाचतो. इथे एक फाइल पडून आहे आणि ती आपल्या वतीने सह्या करू शकते.

आमची चूक

दौंड तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाने त्यांच्या आजोबांच्या वह्या आम्हाला दिल्या होत्या. पावसाच्या नोंदी. कुठल्या तारखेला किती पडला, विहिरीला पाणी कुठवर आले, बाजरी कधी पेरली. पर्जन्यछायेतल्या माणसाने पाऊस किती डोळ्यांत तेल घालून पाहिला होता ते त्या वह्यांत दिसते. त्या स्कॅन करून अर्काइव्हवर ठेवायच्या ठरल्या. स्कॅनर आणलाच आहे तर पीककर्जाच्या अर्जासाठी आधार कार्ड आणि बँकेचे पासबुकही काढून द्या, असे घरच्यांनी सांगितले. आम्ही दिले काढून. सगळे एकाच फोल्डरमध्ये गेले.

संध्याकाळी 'आय-ए अपलोड' लिहिले, ओळखनाव दिले आणि पुढे एकेका फाइलीचे नाव देण्याऐवजी पूर्ण फोल्डरचे नाव दिले. यंत्राने पूर्ण फोल्डर चढवले. आधार आणि पासबुकासकट.

मागच्या वेळी आपण पाहिले होते, की वाक्यार्थ कळायला आकांक्षा, योग्यता आणि संनिधी लागतात, आणि शिवाय लागते तात्पर्य, म्हणजे बोलणाऱ्याच्या मनातला हेतू. 'सैंधव आण' हे परंपरेतले उदाहरण. सैंधव म्हणजे मीठही आणि घोडाही. जेवायला बसलेला माणूस म्हणाला तर मीठ आणायचे, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. आपल्याकडचे घ्या. दौंडात 'गाडी आली का?' म्हटले की रेल्वे, शिरूरला म्हटले की एसटी. शिरूरला रेल्वेच नाही. माणसाला हे सांगावे लागत नाही. यंत्राकडे मात्र तात्पर्याला जागाच नाही. 'फोल्डर' म्हणजे फोल्डर. वह्या तेवढ्या चढवायच्या आहेत हे आमच्या मनात होते, वाक्यात नव्हते.

आठवड्याने एका श्रोत्याचा फोन आला, की वह्यांच्या पानावर कुणाचे तरी आधार कार्ड दिसते आहे. आम्ही घरच्या संगणकावरून, स्वतःच्या किल्लीने ते काढायला गेलो, तर नकार मिळाला. बराच वेळ कळेना. मग उलगडा झाला. ज्या लॅपटॉपवरून चढवले तो शिरूरहून आणला होता आणि तो कॉन्फिगर केला होता आमच्या शिरूरच्या सहकाऱ्यांनी, त्यांच्या नावाने. म्हणजे चढवले आम्ही, पण अर्काइव्हच्या लेखी चढवणारे ते. त्यांना याचा पत्ताही नव्हता. ते गावाला गेले होते, फोन लागला संध्याकाळी.

बघा, यंत्राने आमचा हेतू विचारला नाही, पण अधिकार मात्र दोन्ही वेळा तपासला. चढवताना अधिकार होता म्हणून चूक करू दिली. काढताना अधिकार नव्हता म्हणून सुधारू दिली नाही. यंत्राला तात्पर्य कळत नाही, अधिकार तेवढा कळतो. आणि तो अधिकार आपण 'कॉन्फिगर' म्हणून, पाच मिनिटांत, फारसा विचार न करता देऊन बसलेले असतो.

काढून टाकणेही सरळ नव्हते. पीडीएफ चढले की अर्काइव्ह आपणहून त्याची इतर रूपे तयार करते, लघुचित्रे काढते, पानांवरची अक्षरे ओळखून मजकूर वेगळा काढते. मूळ फाइल काढली तरी ही पिलावळ उरते. तिच्यासकट काढायला 'डिलीट'ला 'कॅस्केड' हा पर्याय जोडावा लागतो. शिवाय जुनी प्रत इतिहासाच्या कप्प्यात राखली जाऊ नये यासाठी 'नो-बॅकअप' हा पर्याय आहे. हे आम्ही त्या रात्री शिकलो. संग्रहाच्या दृष्टीने हा दोष नाही. जपून ठेवणे हेच त्याचे काम, पुसणे त्याला अवघड जाणारच.

दुसऱ्या दिवशी त्या कुटुंबाकडे जाऊन सगळे सांगितले. मालक म्हणाले, "तुम्ही काय मुद्दाम केलंय का सर?" त्यांना आमचे तात्पर्य कळले. माणसाला कळते. पण उरलेल्या तीन वह्या त्यांनी अजून दिलेल्या नाहीत आणि आम्हीही मागितलेल्या नाहीत.

आता आम्ही काय करतो

बसल्याबसल्या पहिली आज्ञा 'आय-ए कॉन्फिगर --हूअॅमआय' ही देतो. किल्ली कुणाच्या नावाची आहे ते यंत्र सांगते. लॅपटॉप कुणाचाही असो, ही ओळ आधी.

वाचनालयातल्या सामाईक संगणकावर कॉन्फिगर करत नाही. करावेच लागले तर उठताना ती 'आय-एन-आय' फाइल काढून टाकतो. त्यासाठीच ती कुठे आहे ते लिहून घ्यायला सांगितले. वैयक्तिक खाते आणि मंडळाचे खाते अशी दोन असतील तर दोन वेगळ्या फाइली ठेवतो आणि 'कॉन्फिग-फाइल' या पर्यायाने कुठली वापरायची ते दर वेळी सांगतो.

चढवताना फोल्डरचे नाव देत नाही. चढवायच्या फाइली वेगळ्या, नव्या फोल्डरमध्ये आणून, दोघांनी उघडून बघून, मग एकेकीचे नाव देतो. नवे काही करून बघायचे असेल तर 'टेस्ट कलेक्शन' या संग्रहात चढवतो. तिथल्या वस्तू साधारण महिन्याभराने आपोआप काढल्या जातात. पण तिथेही खासगी काही ठेवत नाही, कारण महिनाभर ते जगाला दिसतेच. ओळखनाव मात्र नीट विचार करून ठरवा, ते एकदा दिले की बदलत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

एक प्रश्न असा आला आहे, की फाइलीत पासवर्ड नसतो, नुसत्या किल्ल्या असतात, तर मग एवढी भीती कशाला?

किल्लीने दार उघडते, म्हणून. फरक एवढाच की किल्ली हरवली तर अर्काइव्हच्या संकेतस्थळावर जाऊन नवी करून घेता येते, मग जुनी चालत नाही. किल्ली गेल्याची नुसती शंका आली तरी हे लगेच करा. मोठमोठ्या संस्थांनाही हे चुकत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडकीस आले, की खुद्द इंटरनेट अर्काइव्हवर हल्ला झाला आणि सुमारे ३ कोटी १० लाख खात्यांची माहिती बाहेर गेली. त्यात ईमेल पत्ते होते, सांकेतिक रूपातले पासवर्ड होते. हल्लेखोराला वाट मिळाली ती उघड्यावर राहिलेल्या एका कॉन्फिगरेशन फाइलीतून, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. तेव्हा ज्यांचे खाते त्याआधीचे आहे त्यांनी पासवर्ड बदलला नसेल तर आज घरी गेल्यावर बदला. आणि बँकेचा पासवर्ड इथे वापरू नका.

दुसरा प्रश्न शिरूरच्या एका विद्यार्थिनीचा आहे. आता यंत्राशी साध्या मराठीत बोलता येते, ते हेतूही ओळखते म्हणतात. मग या आज्ञा शिकायच्या कशाला?

चांगला प्रश्न आहे. अशी यंत्रे आपल्या बोलण्यावरून हेतूचा अंदाज बांधतात आणि तो पुष्कळदा बरोबर येतो. पण अंदाज बांधून झाल्यावर काम करायला शेवटी अशीच एखादी आज्ञा दिली जाते, आणि ती चालते तुमच्याच किल्लीवर. अंदाज चुकला तर पानावर नाव तुमचे दिसते. दुसऱ्याने लिहिलेल्या अर्जावर सही करायची तर अर्ज वाचता यायला हवा ना? तेवढ्यासाठी शिका.

पुढच्या वेळेपर्यंत एवढे करून या. साधन बसवा, 'कॉन्फिगर' करू नका. 'सिरूर', 'घोडनदी' आणि 'धोंड' या तीन नावांनी शोध घ्या, तिन्ही याद्या वहीत उतरवा. कुठल्या नावाला काय सापडले ते पुढच्या वेळी ताडून बघू. शिरूरच्या मंडळींना न्हावऱ्यामार्गे परत जायचे आहे, उशीर झाला आहे. इथेच थांबतो. नमस्कार.